हद्दीने वसवलेले गाव : कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी

या मालिकेतला मागचा धागा महाबळेश्वरावर होता. माझे घर तिथलेच, त्यामुळे तो जरा लांबला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून तो डोंगरमाथा घेतला, मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले आणि १८२८-२९ च्या सुमारास माल्कम पेठ वसली, ही हकीकत आपण तिथे पाहिली. त्यावर अनेकांनी एकच प्रश्न विचारला. लोवेल, पुलमन, मँचेस्टर यांच्या कहाण्या आपण आवडीने वाचतो. पण केवळ कारखान्यासाठी जन्माला आलेले, जन्मतारीख सांगता येईल असे गाव आपल्याकडे आहे का?

आहे. जन्मतारीख १० मार्च १९१०. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा वाई आणि कऱ्हाड मागे टाकून सांगलीकडे वळते, त्या खोऱ्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर ते उभे आहे. त्याचे नाव किर्लोस्करवाडी.

एक गोष्ट आधीच सांगते. माझे आजोळ तिथून चार-पाच मैलांवर आहे. आजोबा कारखान्याच्या फौंड्रीत मोल्डर होते. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतण्यात त्यांचा जन्म गेला. तेव्हा हा विषय मला परका नाही, आणि लिहिताना तो परका असल्याचे सोंगही मी आणणार नाही.

आरंभ मात्र कृष्णाकाठी नाही, बेळगावात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ‘संगीत सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तिथे लक्षात आले की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, रेषा राहिली. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले. पुढे बढतीची पाळी त्यांची असताना ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चाललेच होते. तिथेच आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला.

हा नांगर दोन वर्षे कोणी घेतला नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असे शेतकरी म्हणत, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकी कथांत हमखास येते आणि ती वाचून आपण त्या शेतकऱ्याला हसतो. मला हसू येत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करी आणि मोबदला बलुत्यात घेई. लोखंडी नांगर रोख पैशाचा. त्याचा फाळ झिजला की नवा बेळगावाहून आणायचा. ज्याच्या हाती रोकड वर्षातून एकदाच येते आणि तीही सावकाराच्या वहीतून, त्याने अशा वस्तूकडे संशयाने पाहिले तर त्यात अडाणीपणा कोणता? नांगर खपू लागले ते काळ्या रानातल्या हरळीमुळे आणि कुंद्यामुळे. या तणांची मुळे इतकी खोल जातात की तिथे लाकडी नांगर पुरा पडत नाही. एका शेतकऱ्याच्या रानातली हरळी मुळासकट वर आली की शेजाऱ्याला वेगळे पटवावे लागत नसे.

धंदा बसू लागला आणि बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. गावाच्या विस्तारासाठी ती जमीन हवी होती. इथे आपल्या कथेत हद्द येते. या गावाचा सारा इतिहास मला त्या हद्दीतून उलगडतो, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

औंध संस्थान नकाशावर पाहिले आहे का? फाटलेल्या गोधडीचे तुकडे वाऱ्याने उडून जिथे पडावेत तसे ते होते. एकूण गावे ७२. औंध एका बाजूला, आटपाडी दुसरीकडे, गुणदाळ तर थेट विजापुराकडे, आणि कुंडल हा तुकडा ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या पोटात. एका शेतात राणीचा कायदा, बांध ओलांडला की पंतप्रतिनिधींचा. प्रशासकाच्या दृष्टीने हे दुखणेच, पण जागा शोधणाऱ्या माणसाला ती संधी होती. ब्रिटिश मुलखात जमीन मिळवायची तर अर्ज, शेरे, नगरपालिका, कलेक्टर; संस्थानात राजाचा एक शब्द पुरत असे.

राजाही वेगळाच. भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार; सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते; पुढे औंधचे संग्रहालय त्यांनीच उभारले. लक्ष्मणरावांनी औंधच्या यमाईच्या देवळातल्या मंडपाचे काम अंगावर घेतले होते, त्यामुळे ओळख जुनी. अडचण कळताच बाळासाहेबांनी संस्थानात जागा देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. ही कथा नेहमी राजाच्या औदार्याची म्हणून सांगतात. औदार्य होतेच, पण निवड लक्ष्मणरावांची आहे आणि ती मला जास्त बोलकी वाटते. त्यांनी राजधानीजवळची जागा मागितली नाही. कुंडल रोड नावाच्या आडवळणी स्थानकालगतचा ३२ एकर माळ त्यांनी घेतला. कायदा संस्थानाचा आणि रूळ मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे, असा योग तिथे जुळत होता. त्या रुळांवरून कोळसा आणि बिडाचे लोखंड आत यायचे, नांगर बाहेर जायचे. महाबळेश्वराला रेल्वे कधी चढलीच नाही. साहेबलोक वाठार स्थानकावर उतरून टांग्याने वाईमार्गे घाट चढत. थंड हवेच्या गावाला ते चालते, फौंड्रीला चालत नाही.

माळावर फड्या निवडुंग माजला होता आणि त्यात साप. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे नाव दिले, त्यातला निवडुंग तो हाच. सुरुवातीला पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि कारभार पाहिला, शंभूराव जांभेकरांनी इंजिने हाताळली, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे उत्तम यंत्रकार झाले. आणि रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, हे दोघे शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर.

या दोन नावांपाशी मी नेहमी अडखळते. बाकी सारे आडनावासह आणि ‘राव’सह येतात, हे दोघे जातीसह. स्मरणात ठेवणाऱ्यांनीही त्यांना तसेच ठेवले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता आणि त्या काळी तो लहानसहान नव्हता. ज्यांच्या जमातींवर इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या हाती राखण देणे हेही धाडसच होते. तुलनेसाठी पुन्हा वर, महाबळेश्वरी जाऊ. तिथे एकोणिसाव्या शतकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ मध्ये बंद झाला. रस्ते त्यांनी केले, बटाट्याची लागवड त्यांनी रुजवली, वेताच्या वस्तू विणल्या. त्यांतल्या एकाचेही नाव आम्हा महाबळेश्वरकरांच्या तोंडी नाही. ‘चायनामन’ नावाचा एक धबधबा तेवढा उरला. त्या मानाने पिऱ्या आणि तुकाराम भाग्यवान म्हणायचे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायती नांगरांची आवक आटली. मागणी वाढली, पण ओतायला लोखंड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशी आठवण या भागात आवडीने सांगितली जाते. तोफेचा नांगर झाला हे ऐकायला फारच गोड आहे. कोरडी बाब एवढीच की युद्धाने विलायती माल अडवला आणि त्या पोकळीत हा कारखाना वाढला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. १९२६ मध्ये इथे पाण्याचा पंप तयार झाला. त्याच वर्षी शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेऊन निघाले. एमआयटीपासून लोवेल हे कापडगिरण्यांचे जुने शहर अवघे चाळीसएक किलोमीटर.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर पुलमनबद्दल थोडे. शिकागोजवळ जॉर्ज पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कारखानदाराने १८८० नंतर एक देखणे गाव वसवले. घरे कंपनीची, बाजार कंपनीचा, बागही कंपनीची. मंदी आली तेव्हा मजुरी कापली, घरभाडे मात्र कापले नाही. १८९४ चा संप देशभर पेटला, सैन्य आले, माणसे मेली. आणि १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गाव विकून टाकायला सांगितले. कारखानदाराने वसवलेल्या प्रत्येक गावात हे कोडे असते: ज्याने पगार द्यायचा त्यानेच छप्पर, शाळा आणि दवाखाना दिला, तर भांडायचे कुणाशी आणि भांडून राहायचे कुठे? किर्लोस्करवाडीत पुलमनसारखा स्फोट कामगारांकडून झाला नाही. तो बाहेरून आला.

त्याआधी त्या माळावर आणखी एक अद्भुत गोष्ट घडली. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे बातमीपत्र म्हणून निघालेले ते पाहता पाहता महाराष्ट्राचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शहर नाही, महाविद्यालय नाही, जवळ मोठी बाजारपेठ नाही. आणि विधवाविवाह, संततिनियमन, बुवाबाजी यांवर मराठी मध्यमवर्ग जे वाचून वाद घालत होता ते नांगराच्या कारखान्याशेजारी छापले जात होते! मला ही गोष्ट तोफेच्या नांगराहून मोठी वाटते. त्याच वेळी, वसाहतीपलीकडच्या वाड्यांत ते अंक वाचता येणारी बाई क्वचितच सापडली असती, हेही खरे.

आता पुन्हा हद्द. १९३९ मध्ये बाळासाहेबांनी, पुत्र आप्पासाहेब पंत, पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन आणि महात्मा गांधी यांच्या सल्ल्याने, आपला अधिकार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवणारी राज्यघटना केली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत त्याच काळातली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’च्या मुळाशी ती आहे. पुढे १९४२ चे आंदोलन पेटले आणि सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे आणि जी. डी. बापू लाड खुद्द कुंडलचे. तुफान सेनेचे बळ कुंडलातच जमले. इंग्रज पोलीस मागे लागले की कार्यकर्ते औंधच्या शिवारात येत. पोलिसांना बांधापाशी थबकावे लागे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी तुफान सेनेने लुटली, ती याच लोहमार्गावर, किर्लोस्करवाडीच्या अलीकडे काही स्थानकांवर. ज्या हद्दीने कारखान्याला आसरा दिला, तिनेच भूमिगतांनाही दिला. रूळ दोघांच्याही कामी आले.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा, ब्राह्मण. त्यानंतरच्या दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने जाळली गेली. जमाव किर्लोस्करवाडीवरही आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली.

या घटनेवर बोलायला आमच्या भागात कोणी राजी नसते. जळालेल्या घरांतली माणसे शहरात गेली आणि तिथे गप्प राहिली. गावात उरलेले गावात गप्प राहिले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी कारणे सांगू शकते: कुळकर्ण्यांची दप्तरे, सावकारी, कुळांची गाऱ्हाणी, सत्यशोधक जलशांनी अर्धशतक पेरलेला रास्त संताप, आणि त्यात मिसळलेली साधी लूट. एवढी सगळी कारणे खरी असूनही एक प्रश्न उरतो. अस्पृश्यता न पाळणाऱ्या, सावकारी न करणाऱ्या, गावातल्या मुलांना हातात कसब देणाऱ्या कारखान्यावर आग का? मला वाटते, जमावाला त्या दिवशी कारखानदार आणि कुळकर्णी असा फरक करायचा नव्हता. आणि वसाहतीनेही अडतीस वर्षांत तो फरक भोवतालच्या गावांना पुरेसा जाणवू दिला नसावा. गिरणीच्या गावांत कामगार मालकाला रोज पाहतो. वाडीवरचा शेतकरी मात्र रात्री दूरचे दिवे पाही आणि सकाळी भोंगा ऐके. तेवढ्याने आपलेपणा येत नाही. तरी मी एक वाक्य ठामपणे लिहीन: कारणे सांगणे म्हणजे त्या आगीची सफाई देणे नव्हे. घरातल्या बाईला आणि मुलाला ज्यांनी नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर काढले, त्यांना सत्यशोधक म्हणता येत नाही.

हे वाक्य लिहायला मला वेळ लागला, कारण पणजोबा. १९४८ मध्ये ते तिशीत होते आणि गाव हाकेच्या अंतरावर. पदव्युत्तर वर्गातल्या एका निबंधासाठी मी आज्जीला सरळच विचारले की त्या दिवशी ते कुठे होते. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “त्या दिशी समदा गाव रानात हुता, बाय.” मी म्हटले, फेब्रुवारीत सगळा गाव रानात काय करत होता? तिने शेंगांचे सूप माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, “तू फोड आता.” तिचे उत्तर मी निबंधात जसेच्या तसे घातले. मार्गदर्शकांनी समासात विचारले, हा पुरावा कशाचा? मी ते काढले नाही.

आजोबा १९५८ मध्ये त्याच कारखान्यात लागले. फौंड्रीत त्यांना ज्यांनी साचा भरायला शिकवला ते मिस्त्री आगीच्या दिवसांत तिथेच होते. दोघांनी तीस वर्षे एकत्र काम केले. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले का, हे आजोबांनाही मी विचारले होते. ते म्हणाले, “भट्टी पेटल्यावर बोलायला सवड नसतीया.”

आगीनंतर किर्लोस्कर मंडळी पुण्याला गेली, असे सरधोपटपणे लिहितात. तारखा तसे म्हणत नाहीत. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर १९४१ चा. बंगळूरचा विजेच्या यंत्रांचा आणि पुण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना, दोन्ही १९४६ चे. पांगापांग आधीच सुरू होती. एका माळावर न मावणारा उद्योग मोठ्या शहरांकडे जाणारच होता. मूळ कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला आणि तिथे आजही पंप बनतात.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. ज्या बांधाने हे गाव जन्माला घातले, इंग्रज पोलिसांना थोपवले, तो आगीनंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत पुसला गेला. वर्षभराने दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव तर केव्हाच मागे पडले होते. पाटीवर किर्लोस्करवाडी आहे.

आणि नांगर? तो आता आजोळच्या गोठ्यात उभा आहे, कोंबड्या त्यावर बसतात. रान बदलले ते पंपाने. कृष्णेचे पाणी विहिरींतून आणि नदीतून उपसून वर चढले तशी ज्वारीची जागा उसाने आणि द्राक्षाने घेतली. कुंडलमध्ये बापू लाडांच्या पुढाकाराने क्रांती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे आज त्या टापूत दोन कारखाने आहेत: एक संस्थानिकाच्या शब्दावर आलेला आणि एक त्या संस्थानाच्या आडोशाने लढलेल्यांनी काढलेला. एकाचा पंप दुसऱ्याचा ऊस भिजवतो. आमच्या घरची बिले दोन्हीकडची आहेत.

पुढचा धागा याच लोहमार्गावरच्या दुसऱ्या वाडीचा: कऱ्हाड स्थानकाजवळची ओगलेवाडी. तीही औंधच्या हद्दीतली. तिथल्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील कुणाच्या माळ्यावर अजून असेल तर काचेवरचा शिक्का दिसेल असे छायाचित्र इथे टाका. आणि घरात कुणी त्या भट्टीवर काम केलेले असेल, तर पुढच्या रविवारच्या आत त्यांच्याशी बोलून घ्या. मी त्यांचेच शब्द वापरणार आहे.